ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मुक्कामी

धाकट्याचा प्रश्न अगदी सरळ होता. ताईच्या मनगटावरचं घड्याळ तिच्या नाडीचे ठोके मोजतं आणि तेच आकडे बाबांच्या लॅपटॉपच्या पडद्यावर उमटतात. मग या दोघांच्या मध्ये तार कुठाय?

पोरांनो, मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. खांबावर चढून तारा ओढायच्या, तुटलेल्या जोडायच्या, पावसाळ्यात कुठल्या सांध्यात पाणी शिरलंय ते हुडकायचं, यात उमेदीची सगळी वर्षं गेली. जोडलेलं म्हणजे इथून तिथवर सलग तांबं, हे माझ्या अंगात मुरलेलं. या घड्याळाची गोष्ट मला भारी वाटते ती त्याचमुळे. तिच्यात सलग असं काहीच नाही. घड्याळ आणि कॉम्प्युटर जोडलेले असतात, तेव्हाही जवळजवळ सगळा वेळ ते एकमेकांशी बोलत नसतात आणि एकमेकांचं ऐकतही नसतात. तरी जोडणी टिकून असते. ती कशी, ते ऐका. पाटी-पेन्सिल जवळ ठेवा, मध्ये थोडं गणित लागेल.

आधी त्यांच्या मध्ये काय आहे ते सांगतो. त्यांच्या मध्ये उजेड आहे. खरंच सांगतो, उजेडच. फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारा. दिव्याचा प्रकाश आणि रेडिओची लहर एकाच जातीची. दोन्ही म्हणजे वीज आणि चुंबकत्व यांची कंपनं, सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारी. कंपनं किती दाट, एवढाच काय तो फरक. तुझ्या घड्याळातून निघणारी लहर एका सेकंदात सुमारे 240 कोटी वेळा कंप पावते आणि तिच्या एका लाटेची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर भरते. जर्मनीत कार्ल्सरूह गावी हाइनरिश हर्ट्झ यांनी 1880च्या दशकाच्या अखेरीस रेडिओ लहरी प्रथम निर्माण केल्या आणि पकडूनही दाखवल्या. पुढे थोड्याच वर्षांनी, 1895 मध्ये, आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात लोकांसमक्ष आखूड लहरी भिंतींपार पाठवल्या आणि पलीकडे घंटा वाजवून दाखवली. त्या काळी कोलकात्यात बसून इतक्या आखूड लहरींवर काम करणं ही केवढी मोठी गोष्ट होती, हे मला दरवेळी नव्यानं जाणवतं.

भिंत ओलांडणारी ही लहर पाण्यात मात्र शोषली जाते. आणि माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. म्हणून ताई लॅपटॉपकडे पाठ करून उभी राहिली आणि घड्याळाचा हात पोटाशी धरला, की मधे तिचं सगळं धड आडवं येतं आणि लहर क्षीण होते. उद्या करून बघा.

आता ताकद बघू. आपल्या पडवीतला दिवा नऊ वॅटचा आहे. घड्याळाचा रेडिओ साधारण एका वॅटच्या हजाराव्या भागानं बोलतो, तोही क्षणभरच. ही लहर चहूकडे पसरते, त्यामुळे लॅपटॉपपाशी तिचा नखाएवढा अंशही पोचत नाही. पण पाठवलेल्या ताकदीचा शंभर कोटीवा भाग पोचला, तरी चांगला रेडिओ तो ओळखतो! त्या क्षीण लहरीत एक आणि शून्य असे दोनच अक्षरांचे निरोप असतात. एक पाठवायचा तर कंपनं किंचित दाट करायची, शून्य पाठवायचा तर किंचित विरळ. असे एक-शून्य सेकंदाला दहा लाख.

"पण आजोबा, शेजारच्या काकूंच्या घरीपण घड्याळ आहे, वाय-फाय आहे. सगळ्यांचं बोलणं एकमेकांत मिसळत नाही का?"

थोरलीनं नेमकं दुखणं हेरलं. सेकंदाला 240 कोटी ते 248 कोटींच्या आसपासचा हा पट्टा जगभर परवान्याशिवाय वापरायला मोकळा ठेवलेला आहे. मोकळी जागा म्हटली की गर्दी होणारच. वाय-फाय तिथेच, बिनतारी माऊस तिथेच, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हसुद्धा त्याच पट्ट्यात चालतो. या गर्दीत एका हजारांश वॅटच्या आवाजानं एकाच जागी उभं राहून बोलायचं म्हटलं, तर कोण ऐकणार? म्हणून घड्याळ एका जागी उभंच राहत नाही.

तुम्ही वारीला आलेला आहात, म्हणून हे चटकन समजेल. माउलींची पालखी निघते, तेव्हा मुक्कामांची यादी आधीच ठरलेली असते. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण. समजा, तुमची पणजी दिंडीत चाललीय आणि घरून कुणी तिला लुगडं, चटणी-भाकरी पोचवणार आहे. त्यानं रोज तिच्यामागून चालायची गरज नाही. तिथी आणि यादी ठाऊक असली की बस्स. त्या दिवशी त्या गावात जायचं, भेटायचं, परत आपल्या कामाला लागायचं. जेजुरीला गर्दीत चुकामूक झाली, तरी घाबरायचं कारण नाही. वाल्ह्याला भेट होईल. घड्याळ आणि कॉम्प्युटर नेमके असेच भेटतात. त्या पट्ट्याचे चाळीस भाग पाडलेले आहेत, प्रत्येकाला चॅनल म्हणायचं. त्यांतले सदतीस चॅनल म्हणजे मुक्काम, आणि उरलेले तीन फक्त हाक मारण्यासाठी.

सुरुवात त्या तिघांपासून होते. नवं घड्याळ कुणाला ओळखत नाही. ते या तीन चॅनलांवर लागोपाठ एक छोटीशी हाक घालतं: मी आहे, मी अमुक जातीचं यंत्र आहे. हे तीन चॅनल वाय-फायची सहसा जिथं दाटी असते, तिथून बाजूला निवडलेले आहेत. हाक मारून झाली की थोडं थांबायचं आणि पुन्हा हाक मारायची. आता गंमत बघ. समजा, दोन घड्याळं एकाच क्षणी हाका मारू लागली आणि दोघांचं थांबणंही सारखंच असलं, तर? त्यांच्या हाका पुन्हा पुन्हा एकमेकांवर आदळत राहतील. म्हणून नियम असा केलाय की दर हाकेनंतर ठरलेल्या वेळेपेक्षा आणखी थोडं, शून्य ते दहा मिलिसेकंदांमधलं कितीही, मनाला येईल तेवढं जास्त थांबायचं. एवढ्याशा लहरीपणानं टक्कर सुटते.

आणखी एक गोष्ट मला फार न्यायाची वाटते. हाक मारणं स्वस्त असतं, क्षणात उरकतं. कान देऊन बसणं महाग, कारण हाक कधी येईल ते माहीत नसतं. घड्याळाची बॅटरी चिमुकली, म्हणून त्यानं फक्त हाक मारायची. ऐकत बसायचं काम कॉम्प्युटरचं. हाक मारल्यावर घड्याळ जेमतेम 150 मायक्रोसेकंदांनी क्षणभर कान उघडतं. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. कॉम्प्युटरला जोडून घ्यायचं असेल तर त्यानं त्याच क्षणी उत्तर द्यायला हवं.

आणि त्या उत्तरात काय असतं? दोघांच्या पत्त्यांमागोमाग फक्त 22 बाइट. तुझं नाव-आडनाव लिहिलं तरी देवनागरीत याहून जास्त जागा लागते. त्या 22 बाइटांत पुढच्या सगळ्या भेटींचा करार आहे: आपल्या बोलण्याची खूण अमुक, पहिली भेट इतक्या वेळानं, त्यानंतर दर इतक्या वेळानं, सदतिसांतले हे हे चॅनल चांगले, प्रत्येक वेळी इतकी उडी, आणि माझं घड्याळ इतपत अचूक आहे. हे एकदा ऐकलं की घड्याळ हाका मारणं थांबवतं. ते थेट पहिल्या मुक्कामावर हजर होतं.

आता पाटी घ्या. शून्य ते छत्तीस असे सदतीस मुक्काम. उडी धरू सातची. शून्यावरून सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस, पस्तीस. पुढे बेचाळीस, पण ते सदतिसांच्या बाहेर गेलं. सदतीस वजा करा, आले पाचावर. मग बारा, एकोणीस, सव्वीस, तेहतीस, मग तीन. करत राहा. एकही मुक्काम दोनदा येणार नाही आणि एकही सुटणार नाही. सगळे सदतीस फिरल्यावरच तुम्ही परत शून्यावर याल. उडी पाचपासून सोळापर्यंत कुठलीही घ्या, हेच होईल.

हे का होतं? सदतीस ही मूळ संख्या आहे म्हणून. छत्तीस मुक्काम असते आणि उडी सहाची, तर? शून्य, सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस आणि पुन्हा शून्य. सहाच मुक्कामांत फेऱ्या. त्या सहांपैकी चार जागी वाय-फाय बसलेलं असलं, तर भेटी बुडाल्याच म्हणून समजा. शाळेत मूळ संख्या शिकवतात तेव्हा हे उदाहरण का देत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. घड्याळ आणि कॉम्प्युटरच्या या बोलण्याला ब्लूटूथ म्हणतात. नव्या ब्लूटूथमध्ये मुक्काम निवडायची याहून गुंतागुंतीची रीतही आलीय, आणि कानातल्या हेडफोनांचं जुनं ब्लूटूथ तर 79 चॅनलांवर सेकंदाला 1600 उड्या मारतं. पण मला ही पाटीवर करता येणारी रीत सगळ्यांत प्यारी.

काही मुक्काम सतत गजबजलेले निघतात. एकटं वाय-फाय यांतले आठ-दहा चॅनल सहज व्यापून बसतं. कॉम्प्युटर हे हेरतो आणि नवी यादी धाडतो. पण 'आत्तापासून' असं तो म्हणत नाही. अमुक क्रमांकाच्या भेटीपासून नवी यादी धरायची, असं तो आधी कळवतो, म्हणजे निरोप एखाद्या वेळी हुकला तरी पुन्हा सांगायला अवसर राहतो आणि दोघं एकाच भेटीला बदलतात.

उड्या मारत बोलायची कल्पना तशी जुनी. दुसऱ्या महायुद्धात हेडी लमार नावाची एक अभिनेत्री होती, मूळची व्हिएन्नाची, हॉलिवूडमध्ये गाजलेली. रेडिओनं वळवायचा पाणतीर शत्रूला रेडिओनंच बिघडवता येतो, हे तिला खुपत होतं. जॉर्ज अँथिल या संगीतकाराला घेऊन तिनं तोड काढली: पाठवणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकाच वेळी, एकाच क्रमानं लहर बदलत राहायची. अँथिलनं आपोआप वाजणारे पियानो एकमेकांशी जुळवून वाजवायचा ध्यास घेतला होता. असल्या पियानोत भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी फिरते. तशीच एकसारखी गुंडाळी दोन्हीकडे. पियानोच्या पट्ट्या 88, म्हणून त्यांच्या आराखड्यात लहरीही 88. अमेरिकेत 1942च्या ऑगस्टमध्ये त्यांना पेटंट मिळालं, पण नौदलानं त्या युद्धात ते वापरलं नाही. ब्लूटूथ घडलं ते पुढे कितीतरी वर्षांनी. स्वीडनमध्ये लुंड गावी एरिक्सन कंपनीत 1994च्या सुमारास याप हार्टसन आणि त्यांचे सोबती त्याला लागले, 1998 मध्ये पाच कंपन्यांनी मिळून संघ केला, आणि घड्याळासारख्या चिमुकल्या बॅटरीला परवडेल अशी काटकसरी जात 2010 मध्ये आली.

"पण दोघांची वेळ चुकली तर?" धाकट्यानं विचारलं.

शाब्बास! सगळा खेळ तिथेच आहे. यादी कितीही चांगली असो, तिथी मोजायला चुकलं की भेट हुकली. आणि इथं तिथी मोजायची ती सेकंदाच्या लाखाव्या भागांत. हे काम करतो एक दगड. टेकडीवर तुम्ही पांढऱ्या चकचकीत गारगोट्या वेचता ना, अंधारात एकमेकींवर घासल्या की आतून लकाकतात, त्याच जातीचा. 1880 मध्ये पिएर आणि झाक क्युरी या दोघा भावांना आढळलं की असा स्फटिक दाबला की त्याच्यावर विद्युतभार येतो. याच्या उलटही घडतं: वीज दिली की स्फटिक किंचित वाकतो. त्याचा काही मिलिमीटरचा दुपायी काटा कापला आणि विजेनं डिवचत ठेवला, तर तो आपल्या आकारमानानुसार ठरलेल्या गतीनं थरथरत राहतो. घड्याळातला काटा सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हाच आकडा का, ते काढा पाटीवर. निम्मे करा: 16,384. पुन्हा निम्मे: 8,192. असं पंधरा वेळा केलं की नेमका एक उरतो, तोच एक सेकंद. घड्याळातला स्फटिक कारखान्यात वाढवलेला असतो, पण सिलिकॉन आणि ऑक्सिजन तेच, रचनाही तीच, जी सह्याद्रीच्या दगडांच्या पोटात आपोआप घडते.

तरी कुठलाही स्फटिक पुरता अचूक नसतो. समजा, घड्याळाचा काटा दहा लाखांत वीस इतका चुकू शकतो. म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. कॉम्प्युटरचा समजा दहा लाखांत पन्नास. भेटी सेकंदा-सेकंदानं ठरल्या असतील, तर एका सेकंदात दोघांत जास्तीत जास्त 70 मायक्रोसेकंदांचं अंतर पडेल. मग घड्याळ काय करतं? ते 70 मायक्रोसेकंद आधी जागं होतं आणि 70 नंतरपर्यंत वाट बघायची तयारी ठेवतं. कॉम्प्युटरनं आपली अचूकता त्या 22 बाइटांत आधीच सांगून ठेवली होती, ती यासाठी! आणि कॉम्प्युटरचा शब्द कानावर पडला की घड्याळ आपली मोजणी तिथून नव्यानं सुरू करतं. चूक साठत जात नाही.

सांगण्यासारखं काही नसलं तरी भेट होते. कॉम्प्युटरचा कोरा निरोप 80 मायक्रोसेकंदांत संपतो, 150 ची विश्रांती, मग घड्याळाचा कोरा निरोप 80 चा. झाले 310. सेकंदाचे दहा हजार भाग केले तर त्यांतले तीन भाग घड्याळाचा रेडिओ जागा, बाकीचा काळ गाढ झोप. घड्याळाला काही भेटी चुकवायची परवानगीसुद्धा देता येते. ठोके सांगायचे असतील तर निरोपात दोन-चार बाइट वाढतात. मनगटाखालचा हिरवा प्रकाश रक्तात कमी-जास्त शोषला जातो, त्यावरून मोजलेले ते आकडे. निरोप नीट पोचला की पुढच्या बोलण्यातल्या एका चिमुकल्या खुणेनं पोच मिळते. पोच आली नाही, तर तोच निरोप पुढच्या भेटीत, दुसऱ्या मुक्कामी.

आता गुपिताचं. हवेतली लहर कुणीही ऐकू शकतो. काकूंच्या घरातला रेडिओसुद्धा. मग ताईचे ठोके तिचेच राहावेत यासाठी दोघांकडे एकच किल्ली हवी. पण कधीच न भेटलेल्या दोघांनी, सगळे ऐकत असताना, गुप्त किल्ली कशी ठरवायची? हे होऊ शकतं, असं 1976 मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवलं. छोट्या आकड्यांत करू. सगळ्यांना माहीत असलेले आकडे दोन: 2 आणि 19. घड्याळानं मनात धरले 5. पाच दोन घेऊन गुणायचे, 32, त्याला 19 नं भागून बाकी 13. हे 13 ते मोठ्यानं सांगतं. कॉम्प्युटरनं मनात धरले 6. सहा दोन गुणले, 64, बाकी 7. तोही 7 मोठ्यानं सांगतो. आता घड्याळ सात पाच वेळा घेऊन गुणतं: 16,807, बाकी 11. कॉम्प्युटर तेरा सहा वेळा गुणतो: 48,26,809, बाकी 11. दोघांकडे 11, आणि हवेत 11 कधी उच्चारलाच गेला नाही! ऐकणाऱ्याला 13 आणि 7 मिळाले, पण त्यावरून 5 आणि 6 काढायचे कसे? आपले आकडे लहान आहेत म्हणून जमेल. खऱ्या ब्लूटूथमध्ये हीच युक्ती एका वक्ररेषेवरच्या बिंदूंनी करतात आणि मनात धरलेली संख्या सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर आकडी असते.

एक धोका उरतो. मधेच कुणी लबाड बसला आणि घड्याळाला म्हणाला मी कॉम्प्युटर, कॉम्प्युटरला म्हणाला मी घड्याळ, तर? म्हणून दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या दिसते. ती दोघांनी आपापल्याकडे, झालेल्या देवघेवीवरून काढलेली असते. मधे लबाड असला तर दोन संख्या वेगळ्या निघतात. चुकून जुळायची शक्यता दहा लाखांत एक. पण त्या पडताळायच्या कुणी? ते काम माणसावर सोपवलंय. थोरले, तू न वाचताच 'हो' दाबतेस, ते मी पाहिलंय. इतक्या मोठ्या गणिताचं शेवटचं पाऊल तुझ्या डोळ्यांवर टाकलेलं आहे, तेवढं वाचत जा.

"आणि मी घड्याळ घालून खेळायला गेले, तर?"

भेटी हुकू लागतात. एक, दोन, चार. दोघंही ठरलेल्या क्षणी येतात आणि कुणी नाही म्हणून परत जातात. किती वेळ वाट बघायची हेही करारात असतं, काही सेकंद, फार तर बत्तीस. तेवढ्यात शब्द आला नाही की करार संपला. घड्याळ पुन्हा त्या तीन चॅनलांवर हाका मारू लागतं.

पण आता ते आपला खरा पत्ता सांगत नाही. नाहीतर तू कुठल्या दुकानात गेलीस, किती वेळ थांबलीस, हे कुणीही टिपून ठेवेल. दर थोड्या वेळानं ते पत्ता बदलतं. पत्त्यातला अर्धा भाग निव्वळ यदृच्छेनं काढलेला, आणि दुसरा अर्धा त्या पहिल्यावर एक गुप्त किल्ली चालवून आलेला. किल्ली नसणाऱ्याला ते निरर्थक आकडे. तू घरी आलीस की लॅपटॉप ऐकलेल्या प्रत्येक अनोळखी पत्त्यावर आपल्याजवळच्या किल्ल्या चालवून बघतो. एकीचं उत्तर जुळलं की त्याला कळतं की हे आपलं घड्याळ. सहा आकड्यांची संख्या मग पुन्हा विचारत नाहीत. पुन्हा 22 बाइट जातात, नवी खूण, नवी उडी.

या खेपेला उडी अकराची धरू. पाटी पुसा. शून्यापासून निघा, आणि परत शून्यावर यायच्या आधीचा शेवटचा मुक्काम कुठला, ते काढून दाखवा. धाकट्या, बोटांवर नको, बेरीज करून.